जे आजारी पडले नाहीत, त्यांचं काय?

लंडनला आलेल्या मराठी पाहुण्यांना मी एकदा तरी सोहोत घेऊन जातो. बिग बेन, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम ही नावं त्यांच्या यादीत असतातच. ब्रॉडविक स्ट्रीटवरचा हापसा मात्र कोणाच्याच यादीत नसतो, त्यामुळे "हे बघायला आणलंस?" हा प्रश्न ठरलेला. आपल्याकडे गावोगावी असतो तसाच हा हापसा, फक्त त्याला दांडा नाही. जवळच कोपऱ्यावर ‘जॉन स्नो’ नावाचा पब आहे. गंमत अशी की ज्या डॉक्टरच्या नावाने हा पब चालतो, त्याने आयुष्याचा बराच काळ दारूला स्पर्शही केला नव्हता.

तुम्ही परिचारिका असाल, डॉक्टर असाल किंवा नुकतेच आरोग्य संशोधनाकडे वळला असाल, तर ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. कॉलरा आला, डॉक्टरने नकाशावर ठिपके मांडले, हापशाचा दांडा काढला, साथ थांबली. मीही माझ्या वर्गात बरीच वर्षं ती अशीच सांगत होतो. इथे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांसाठी मी साथरोगशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक छोटा वर्ग घेतो. पण गोष्टीचं खरं मर्म मला उशिरा कळलं, आणि ते एका फोनमुळे.

२०२१ सालच्या अखेरीस कऱ्हाडहून मावशीचा फोन आला. "अरे, इथे सगळे म्हणतात, दवाखान्यात भरती झालेल्यांत निम्मे लस घेतलेलेच आहेत. मग टोचून घेऊन उपयोग काय?" मी म्हणालो, "मावशी, ते तसं नसतं." ती म्हणाली, "मग कसं असतं?" आणि मी अडखळलो. जे रोज इंग्रजीत शिकवतो, ते मला मराठीत दोन वाक्यांत सांगता येईना. मी काहीतरी गोलगोल बोललो. "बरं, तू कामात असशील," म्हणून तिने फोन ठेवला. तिने लस घेतली नाही. जानेवारीत ती आजारी पडली, अकरा दिवस दवाखान्यात होती, आणि नशिबाने बरी होऊन घरी आली.

हा लेख म्हणजे तिच्या "मग कसं असतं?" या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

अंश आणि छेद

चौथी-पाचवीत आपण अपूर्णांक शिकलो. वरचा आकडा अंश, खालचा छेद. साथरोगशास्त्राचा पाया एवढाच आहे, आणि बहुतेक चुका छेद विसरल्यामुळे होतात.

समजा, एका गावात १,००० माणसं आहेत. त्यातल्या ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. पुढे २० माणसं दवाखान्यात भरती झाली: १० लस घेतलेली, १० न घेतलेली. वॉर्डात उभं राहून खाटा मोजल्या तर निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे. मावशीपर्यंत पोचलेली बातमी अशीच होती, आणि ती खोटी असायचं कारण नाही. पण वॉर्डाबाहेर या. लस घेतलेल्या ९०० मध्ये १० आजारी, म्हणजे शंभरात एकाहून किंचित जास्त. न घेतलेल्या १०० मध्ये १० आजारी, म्हणजे शंभरात १०. धोका नऊपट आहे. वॉर्डात आपल्याला फक्त अंश दिसतो. छेद घरी, शेतात, बाजारात असतो. जे आजारी पडले नाहीत त्यांना मोजायला कोणी जात नाही, कारण त्यांची तक्रारच नसते.

आता १८५४ च्या लंडनमध्ये जाऊ. तिथे दोन माणसांनी हा घरी बसलेला छेद शोधण्यासाठी दारं ठोठावली.

ब्रॉड स्ट्रीट, सप्टेंबर १८५४

तेव्हा त्या रस्त्याचं नाव ब्रॉड स्ट्रीट होतं. एकेका खोलीत एकेक कुटुंब, तळघरांत मैला साठवायचे हौद, आणि रस्त्यात उथळ विहिरीवर बसवलेला सार्वजनिक हापसा. त्याचं पाणी थंड आणि चवीला चांगलं म्हणून नावाजलेलं. लांबून लोक ते भरायला येत.

३१ ऑगस्टच्या रात्री कॉलरा फुटला. पुढच्या दहा दिवसांत त्या हापशाच्या २५० यार्डांच्या आसपास ५०० हून अधिक माणसं गेली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नाही, अशी स्थिती. ज्यांना शक्य होतं ते घराला कुलूप लावून पळाले.

आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेत. लंडनचे शिकलेले लोक दोष दुर्गंधीला देत. सडक्या हवेतून रोग होतो, असं बहुतेक डॉक्टर, अधिकारी आणि वर्तमानपत्रं मानत. जॉन स्नो हे मानत नव्हता. यॉर्कमधल्या एका कष्टकऱ्याचा हा मुलगा तोवर भूल देणारा डॉक्टर म्हणून नावारूपाला आला होता. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा तोच. हवेतून वायू शरीरात कसा जातो आणि किती पातळ होतो, हे त्याला कामामुळे नेमकं ठाऊक होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: कॉलरा आधी आतड्याला धरतो, म्हणजे तो तोंडावाटे गेला असणार. १८४९ मध्ये त्याने तसं लिहिलंही होतं. फारसं कोणी मनावर घेतलं नव्हतं.

जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयातून त्याने त्या आठवड्याची मृतांची यादी घेतली आणि शेवटच्या तीन दिवसांतल्या ८३ मृत्यूंचा घरोघर जाऊन तपास केला. त्यातले ७३ या हापशाच्या जवळचे. त्यांपैकी ६१ जण या हापशाचं पाणी पीत असत, ६ जण पीत नसत, ६ जणांबद्दल सांगायला कोणी उरलं नव्हतं. बाकीचे १० मृत्यू दुसऱ्या हापशांच्या जवळच्या घरांतले. पण त्यातली पाच कुटुंबं मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आणवत होती, आणि तीन मुलं या हापशाजवळच्या शाळेत जात होती.

इथवर हा सगळा अंशाचा अभ्यास आहे. मेलेले लोक हे पाणी पीत होते, हे खरं. पण परिसरातले सगळेच ते पीत असतील तर यावरून काय सिद्ध होतं? मेलेले सगळे पाव खात होते, हेही तितकंच खरं ठरलं असतं.

स्नोला हे कळत होतं. म्हणून तो न मेलेल्यांकडे गेला. जवळच पोलंड स्ट्रीटवर निराधारांसाठीचं वर्कहाउस होतं. तिथे ५३५ माणसं राहत, तिन्ही बाजूंच्या घरांत कॉलरा, आणि आत फक्त ५ मृत्यू. आसपासच्या गल्ल्यांइतकी माणसं तिथे गेली असती तर आकडा शंभरावर गेला असता, असा हिशेब स्नोने मांडला. हवा तीच, गरिबी त्याहून जास्त. फरक एवढाच की वर्कहाउसच्या आवारात स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा एक कारखाना होता. तिथल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही कॉलऱ्याने गेला नाही. त्यांना रोज बिअर फुकट मिळे आणि कारखान्याची स्वतःची खोल विहीर होती. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्यांचा कारखाना होता. तिथे कामगारांसाठी हापशाचं पाणी पिंपांत भरून ठेवत. सुमारे २०० कामगारांपैकी १८ गेले.

आणि हॅम्पस्टेडची विधवा. ती काही मैलांवर उंच, मोकळ्या, चांगल्या वस्तीत राहत होती. तिथे कॉलरा नव्हता. पण ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहिलेली, आणि तिला त्या पाण्याची चव आवडे. म्हणून तिचे मुलगे रोज गाडीतून बाटली पाठवत. ती गेली. तिच्याकडे आलेली इस्लिंग्टनची भाची तेच पाणी प्यायली, तीही गेली. माहेरच्या विहिरीच्या पाण्याची आठवण काढणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत, त्यामुळे ही बाई मला परकी वाटत नाही.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोने पॅरिशच्या मंडळापुढे हे मांडलं आणि दुसऱ्या दिवशी दांडा काढण्यात आला.

साथ थांबली कशामुळे?

इथे गोष्ट जरा नीट सांगायला हवी. दांडा काढला त्या दिवशी साथ आधीच उतरणीला लागली होती. माणसं पळाली होती, आणि ज्यांना लागण व्हायची ती होऊन गेली होती. दांडा काढल्याने साथ थांबली असं ठामपणे म्हणता येणार नाही, हे स्वतः स्नोनेच लिहून ठेवलं आहे. आधी हे घडलं आणि मग ते घडलं, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरं झालं असं ठरत नाही. औषध घेतलं आणि सर्दी सातव्या दिवशी गेली. न घेता कधी गेली असती, हे विचारल्याशिवाय औषधाला श्रेय देता येत नाही. तुमच्या विभागात एखादा नवा उपक्रम सुरू झाला आणि संसर्ग कमी झाले, तर आधी मागच्या काही महिन्यांचा आलेख काढून बघा. तो आधीपासूनच खाली येत नव्हता ना?

पण या प्रकरणाला पुढे एक वळण आहे. ते समजायला दुसऱ्या माणसाला भेटावं लागेल.

पाद्री व्हाइटहेड

हेन्री व्हाइटहेड हा सेंट ल्यूक चर्चचा तरुण पाद्री. रोग्यांच्या उशाशी तो दिवसरात्र बसला होता, वस्तीतलं प्रत्येक घर ओळखत होता. स्नोचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांदेखत माणसांनी आजारात हेच पाणी भरपूर प्यायलं होतं आणि ती बरीही झाली होती. पॅरिशने चौकशी समिती नेमली तेव्हा १८५५ मध्ये तो स्नोला खोटं ठरवायच्या इराद्याने कामाला लागला.

एकट्या ब्रॉड स्ट्रीटवर तो घरोघर फिरला, काही घरी पुनःपुन्हा गेला. पळून गेलेल्यांचे नवे पत्ते शोधले. आणि स्नोने जे पुरेसं केलं नव्हतं ते केलं: जे जिवंत होते, आजारीच पडले नव्हते, त्यांनाही तोच प्रश्न त्याच पद्धतीने विचारला. त्या दिवसांत तुम्ही हापशाचं पाणी प्यालात का?

पाणी प्यायलेले १३७ जण सापडले, त्यातले ८० आजारी पडले होते. न प्यायलेले २९७, त्यातले २० आजारी. म्हणजे शंभरात ५८ विरुद्ध शंभरात ७. आपल्या शास्त्रात याला बाधादर म्हणतात, आणि एका बाधादराला दुसऱ्याने भागलं की मिळते ती सापेक्ष जोखीम. इथे ती जवळजवळ नऊपट. हे चार आकडे कागदावर चार चौकटींत मांडून बघा: प्यायले-आजारी, प्यायले-धडधाकट, न प्यायले-आजारी, न प्यायले-धडधाकट. आजचा मोठ्यात मोठा अभ्यासही बहुतेक वेळा या चार चौकटींवरच उभा असतो.

यातले दोन आकडे नवशिक्यांना खटकतात. ५७ जण पाणी पिऊनही आजारी पडले नाहीत, मग पाणी दोषी कसं? आणि २० जण न पिताच आजारी पडले, त्यांचं काय? पहिल्याचं उत्तर असं की कारण असलं म्हणजे परिणाम प्रत्येकात व्हायलाच हवा असं नाही. आयुष्यभर तंबाखू खाऊन नव्वदीला पोचलेले आजोबा प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. दुसऱ्याचं उत्तर स्नोच्या टिपणांत सापडतं. हेच पाणी आसपासच्या पबमध्ये दारूत मिसळत, खाणावळींत टेबलावर ठेवत, दुकानांत पूड घालून सरबत म्हणून विकत. "मी प्यालोच नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलेलं असू शकत होतं. लोक खोटं बोलत नाहीत, पण त्यांना सगळं माहीत नसतं. प्रश्नावली बनवताना हे विसरू नका.

व्हाइटहेड नाखुशीने, पण पूर्णपणे, स्नोच्या बाजूला आला. मग नोंदी चाळताना त्याला एक ओळ दिसली: ४० ब्रॉड स्ट्रीट, पाच महिन्यांची मुलगी, चार दिवसांच्या आजाराने २ सप्टेंबरला मृत्यू. म्हणजे आजार साथ फुटण्याच्या आधी सुरू झालेला. तो त्या आईकडे गेला. बाळाची दुपटी धुतलेलं पाणी तिने घरापुढच्या मैल्याच्या हौदात ओतलं होतं. खोदून पाहिलं तेव्हा हौदाच्या विटा कुजलेल्या निघाल्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्या आत होती.

आता ते वळण. त्या बाळाचा बाप ८ सप्टेंबरला कॉलऱ्याने आजारी पडला. त्याच दिवशी दांडा निघाला होता. त्याच्या आजारपणातलं पाणी त्याच हौदात गेलं असणार. हापसा चालू असता तर साथ पुन्हा भडकली असती, हे व्हाइटहेडच्या लक्षात आलं. म्हणजे दांडा काढल्याने चालू साथ थांबली असेल-नसेल, पण पुढची बहुधा टळली. न झालेल्या साथीचा नकाशा कोणी काढत नाही, म्हणून त्या श्रेयाची नोंद पाहुण्यांच्या माहितीपत्रकात नसते.

उंची की पाणी?

लंडनच्या नोंदणी कार्यालयात विल्यम फार नावाचा अत्यंत हुशार संख्याशास्त्रज्ञ होता. स्नोला मिळालेली यादी त्याच्याच व्यवस्थेतून आलेली. १८४९ च्या कॉलऱ्याचा अभ्यास करून फारने दाखवलं होतं की थेम्सच्या पातळीपासून जितकं वर जावं तितके मृत्यू कमी. २० फुटांहून सखल भागात दर १०,००० लोकांमागे १०२ मृत्यू, आणि वर जाताना आकडा पायरीपायरीने उतरत गेलेला. नदीवरची घाणेरडी हवा खाली साचते, हा त्याचा निष्कर्ष.

फारचे आकडे बरोबर होते, छेदही होता, संबंधही खरा होता. चुकलं ते कारण. सखल भागातल्या लोकांना थेम्सचं घाण पाणी मिळत होतं, उंचावरच्यांना बहुधा चांगलं. उंची आणि पाणी एकमेकांना चिकटलेले होते, आणि फारने पाण्याचा दोष उंचीला लावला. ही गल्लत आपल्या शास्त्रातला सर्वांत चिवट शत्रू. एखादं महाग तेल खाणारे लोक जास्त जगतात, असं वाचलंत तर आधी विचारा: महाग तेल परवडणाऱ्यांना आणखी काय काय परवडतं?

ही गल्लत सोडवण्याची संधी स्नोला दक्षिण लंडनमध्ये मिळाली. तिथे दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेलेले. काही घरं साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीची, शेजारचीच लॅम्बेथची. गरीब-श्रीमंत, लहान-मोठी घरं दोन्हीकडे सारखीच. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीने पाणी घेण्याची जागा नदीत वर, लंडनचा मैला मिसळण्याआधीच्या भागात, नेली. दुसरी कंपनी बॅटरसीलाच घाण पाणी उपसत राहिली. तीन लाखांहून अधिक माणसं, नकळत, दोन गटांत वाटली गेली होती. हवा, उंची, वस्ती तीच. फरक फक्त पाण्यात.

अडचण अशी की भाडेकरूंना आपलं पाणी कोणत्या कंपनीचं हे माहीत नसे, कारण बिल मालकाकडे जाई. स्नोने बाटलीत पाणी घेऊन मीठ तपासलं. एका कंपनीच्या पाण्यात दुसरीच्या सुमारे चाळीसपट मीठ होतं. मृत्यूची नोंद, घराचा पत्ता, पाण्याची बाटली, असं करत तो दारोदार हिंडला. घरांची एकूण संख्या, म्हणजे छेद, संसदेला सादर झालेल्या कागदांतून मिळाली. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची ४०,०४६ घरं, १,२६३ मृत्यू. लॅम्बेथची २६,१०७ घरं, ९८ मृत्यू. दर १०,००० घरांमागे ३१५ आणि ३७.

एवढं होऊनही सरकारी वैज्ञानिक समितीने १८५५ मध्ये त्याचं म्हणणं नाकारलं. १८५८ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी स्नो वारला. १८६६ ला पूर्व लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा पाण्याकडे बोट दाखवणाऱ्यांत फार होता. चूक कबूल करायला त्याला बारा वर्षं लागली, पण त्याने ती केली. व्हाइटहेडने स्नोचं चित्र आपल्या अभ्यासिकेत शेवटपर्यंत ठेवलं.

मुंबई: छेद पळाला, अंश लपला

हे सगळं इंग्रजांच्या राजधानीत झालं. चाळीस वर्षांनी तोच प्रश्न आपल्या गल्ल्यांमध्ये, कितीतरी कठीण रूपात, उभा राहिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने मुंबईतला प्लेग ओळखला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईत सव्वाआठ लाखांच्या आसपास माणसं होती. पहिल्याच हिवाळ्यात त्यातली काही लाख शहर सोडून गावी गेली. आता आठवड्याचे मृत्यू कशाने भागणार? छेद बोटीत आणि आगगाडीत बसून निघून गेला होता. उरलेले लोक रोगी लपवत होते, कारण रोगी सापडला की सक्तीने दवाखान्यात नेत, घर उपसत, माणसं वेगळी करत. पुण्यात याच झडत्यांचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला. त्या साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे वाचलेलं असतं. साथरोगशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर यात आणखी एक धडा आहे: जुलूम केला की आकडे खोटे होतात. लोकांचा विश्वास गेला की अंशही हाती लागत नाही.

याच मुंबईत वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. शहरात जे अशक्य होतं ते तिथे शक्य होतं, कारण कैदी पळू शकत नव्हते आणि लपूही शकत नव्हते. राहणं एका छताखाली, जेवण एकच. सुमारे दीडशे कैदी टोचून घ्यायला पुढे आले, त्याहून थोडे जास्त मागे राहिले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ जणांना झाला, दगावलं कोणी नाही.

निकाल बोलका आहे, तरी दोन शंका घ्यायलाच हव्यात. एक, जे स्वतःहून पुढे आले ते मुळात जास्त धट्टेकट्टे तर नव्हते? दोन, तुरुंगात ‘स्वतःहून’ या शब्दाला अर्थ किती? दुसऱ्या शंकेचं उत्तर आकड्यांत नाही. आजच्या संशोधनात कैद्यांसाठी वेगळे, कडक नियम आहेत. पहिल्या शंकेवर उपाय पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात झाला. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली, निम्म्यांना नाही. एक घर, एक चूल, एकच उंदीर. ज्या २८ कुटुंबांत पुढे प्लेग आला, त्यांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. दक्षिण लंडनमध्ये जे योगायोगाने घडलं, ते इथे ठरवून केलं होतं. दोन गटांत तुलनेच्या गोष्टीखेरीज बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवायचं, ही आजच्या औषधचाचणीची रीत इथे घडत होती. फक्त आज वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करतात, म्हणजे निवडणाऱ्याचा कलही त्यात येत नाही.

कागद हाती आला की

उद्या तुमच्यासमोर एखादा शोधनिबंध, विभागाचा अहवाल किंवा कुटुंबाच्या ग्रुपवरचा संदेश आला, तर चार प्रश्न विचारा. किती जणांपैकी? कोणाच्या तुलनेत? दोन गटांत आणखी काय वेगळं होतं? आणि आधी काय घडलं, मग काय? गणित अवघड होत जातं, संगणक लागतो, पण हे चार प्रश्न बदलत नाहीत. ब्रॉड स्ट्रीटवर दोन माणसांनी ते पायी फिरून विचारले.

गेल्या दिवाळीत कऱ्हाडला गेलो होतो. मावशी ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर दाण्यांचे दोन ढीग केले, एक नव्वदचा, एक दहाचा. दोन्हींतून एकेक दाणा बाजूला काढला आणि म्हणालो, "हे दोघं दवाखान्यात. निम्मे-निम्मे, बरोबर?" तिने लहान ढिगाकडे पाहिलं, मग मोठ्याकडे. दहातला एक आणि नव्वदातला एक.

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर तेव्हा का नाही सांगितलंस?"